लंचला बोलावलं, जेवायला नाही

पत्र:

ताई, नमस्कार. मी नंदनवनला राहते. मुलीचं लग्न होऊन आठ महिने झाले. सासर नागपुरातच, वर्धा रोडला. व्याही-विहीण पंधरा वर्षं बंगळुरूला होते, लग्नाच्या आधी वर्षभर इकडे परतले. मार्चमध्ये विहीणबाईंचा फोन आला, "रविवारी लंचला या." वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्या ह्यांना छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीमुळे सकाळी दहाला जेवायची सवय. त्या दिवशी बाहेर जेवायचंच आहे म्हणून घरून नुसता चहा घेऊन निघालो. साडेबाराला पोचलो. टेबल लागलं दोन वाजता. सूप, सँडविच, पास्ता, सॅलड आणि शेवटी फ्रूट कस्टर्ड. पोळी नाही, वरण-भात नाही. निघताना दारात चपला घालता घालता ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "चला, घरी जाऊन दोन घास जेवून घेऊ." विहीणबाई मागेच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचा फोन नाही. मुलगी माझ्यावरच चिडते, "आई, लंच म्हणजे दुपारचं जेवणच. डिक्शनरीत पाहून घे. त्यांनी जेवायला घातलं आणि बाबा म्हणतात जेवलोच नाही." हे म्हणतात, "जेवायला बोलावलं असतं तर जेवण वाढलं असतं." दोघांत बरोबर कोण? आणि आता मी करू काय?
– एक आई, नंदनवन

उत्तर:

ताई, तुमचे मिस्टर त्या दिवशी खरंच उपाशी परत आले. आणि विहीणबाईंनी सकाळपासून ओट्याशी उभं राहून चार-पाच पदार्थ केले, हेही खरंच. एकाला खोटं पाडल्याशिवाय दुसऱ्याला खरं ठरवता येत नाही, अशी तुमच्या घरात समजूत झाली आहे. ती आधी सोडा. दोघांच्या मध्ये एक शब्द उभा आहे आणि तो दोघांनी दोन अर्थांनी ऐकला.

तुमची मुलगी म्हणते डिक्शनरी पाहा. पाहू या. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दाचं मूळ काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्याआधी आपल्या शब्दाबद्दल बोलते, कारण तुमच्या मिस्टरांना लागलं ते तिथे.

आपण पेरू खातो, चिवडा खातो, पोहे खातो. पेरू कुणी जेवत नाही. सकाळी नऊला टपरीवर तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा पोटात गेल्या, वर शेव, वर कांदा, तरी तो माणूस घरी येऊन म्हणतो, "जेवण व्हायचं आहे माझं." पोट भरलं की नाही, हा प्रश्नच नसतो त्यात. खाणं झालं, जेवण व्हायचं राहिलं. डब्याचंही तसंच. ऑफिसात आपण डबा खातो, डबा जेवत नाही. तीच पोळी, तीच भाजी, घरच्याच हातची. पण स्टीलच्या डब्यातून, फायलींच्या शेजारी बसून खाल्ली की ते खाणं होतं. ताटात वाढलेली, कुणीतरी समोर बसून "अजून घ्या नं" म्हणत वाढलेली असली की जेवण होतं.

व्याकरणातही हा शब्द वेगळा वागतो. 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला' असं म्हणताना क्रियापद पोळीच्या आणि आंब्याच्या मागे जातं. 'मी भात जेवले' म्हणताना मात्र ते भाताला सोडून माझ्या मागे येतं. पुरुष असेल तर जेवला, बाई असेल तर जेवली, भात तोच. वर्गात हा अपवाद शिकवताना मी दरवर्षी थोडी थांबायची. खाण्यात पदार्थ पुढे असतो, जेवण्यात माणूस पुढे असतो, असं मुलांना सांगायची. व्याकरणाच्या पुस्तकात हे कारण दिलेलं नसतं, पण मुलांना नियम पाठ व्हायचा, आणि मला स्वतःलाही ते पटायचं.

जेवण हा शब्द जुना आहे. संस्कृत कोशात 'जेमन' आहे, गुजरातीत 'जमवुं' म्हणतात, राजस्थानात 'जीमना'. म्हणजे ही शेजारपाजारची सगळी एकाच पंगतीला बसलेली भावंडं. आणि मराठीत या शब्दाभोवती किती नाती बांधलेली आहेत बघा. लग्न ठरलं की आपल्या विदर्भात नवरा-नवरीला घरोघर गडगनेर होतं; पुण्याकडे त्यालाच केळवण म्हणतात. मुंजीत मातृभोजन, पोटुशी मुलीचं डोहाळजेवण, अधिक महिन्यात जावयाला जेवण, कार्तिकात आवळीखाली भोजन, माणूस गेला की तेरवी. यातलं बहुतेक सगळं दुपारीच होतं. घड्याळ पाहिलं तर सगळं 'लंच' आहे. पण तुमच्या मुलीच्या गडगनेराला कुणी लंच म्हटलं होतं का? जिथे नातं जोडायचं असतं, आशीर्वाद द्यायचा असतो, निरोप द्यायचा असतो, तिथे आपल्याला जेवणच लागतं. दुसरा शब्द चालत नाही.

म्हणून 'जेवायला या' या दोन शब्दांत एक वचन असतं. तुमच्या पोटाची आजची जबाबदारी माझी. घरून काही खाऊन येऊ नका. तुमचे मिस्टर नुसत्या चहावर निघाले ते या वचनाच्या भरवशावर. ते वचन विहीणबाईंनी दिलंच नव्हतं. त्यांनी 'लंचला या' म्हटलं आणि तुमच्या मिस्टरांच्या कानाने त्याचं 'जेवायला या' करून घेतलं.

आता लंचचं मूळ. इंग्रजीत 'लंच' आणि 'लंचन' हे शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी दिसू लागतात, आणि तेव्हा त्यांचा अर्थ जेवण असा मुळीच नव्हता. अर्थ होता तुकडा. पावाचा जाडसर तुकडा, चीजचा किंवा खारवलेल्या मांसाचा ढलपा. भाकरीचा चतकोर आपण म्हणतो ना, त्या जातीचा शब्द. पुढे सतराव्या शतकात दोन मोठ्या जेवणांच्या मधल्या वेळी तोंडात टाकायच्या खाण्याला लंचन म्हणू लागले. सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. त्यात लंच आणि लंचनचा अर्थ दिला आहे, एका हातात मावेल एवढं अन्न. एवढंच. दुपारच्या बैठकीच्या खाण्याला सर्रास 'लंच' म्हणणं ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट.

मग त्याआधी इंग्रज दुपारी काय जेवत होते? तर डिनर. हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. डिनर म्हणजे रात्रीचं जेवण नव्हे, डिनर म्हणजे दिवसातलं मुख्य जेवण, आणि ते शतकानुशतकं भर दुपारी, कधी कधी त्याच्याही आधी होत असे. तुमचे मिस्टर दहाला जेवतात हे जुन्या काळच्या इंग्रज शेतकऱ्याला अजिबात विचित्र वाटलं नसतं. पुढे शहरात दिवे आले, कामाच्या वेळा बदलल्या, बड्या लोकांचं डिनर सरकत सरकत संध्याकाळी आणि मग रात्री गेलं. सकाळची न्याहारी आणि रात्रीचं डिनर यांच्यात मोठा खड्डा पडला. तो बुजवायला त्या हातात मावणाऱ्या तुकड्याला बढती मिळाली आणि त्याचं लंच झालं. कष्टकऱ्यांच्या घरी मात्र डिनर दुपारीच राहिलं. उत्तर इंग्लंडमध्ये आजही कितीतरी लोक दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात आणि संध्याकाळच्याला टी. शाळेत दुपारी मुलांना वाढणाऱ्या बायकांना इंग्लंडभर 'डिनर लेडी' म्हणतात.

डिनरचं मूळ तर अजून आत आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द लॅटिनपर्यंत नेला की अर्थ निघतो, उपास मोडणं. म्हणजे ब्रेकफास्टचा जो अर्थ, तोच डिनरचा. फ्रेंच लोकांचा 'देझने' हा शब्दही तिथलाच. फ्रान्समध्ये तो आज दुपारचं जेवण झाला आहे, पण कॅनडाच्या क्वेबेकमध्ये त्याच शब्दाने सकाळची न्याहारी मागतात. स्वीडनमध्ये तर रात्रीच्या मुख्य जेवणाला 'मिदाग' म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ मध्यान्ह. आणि भर मध्यान्ही ते लोक 'लुंच' करतात. इंग्रजी 'नून' म्हणजे आज बारा वाजता, पण तो आला लॅटिनमधल्या 'नववा तास' या शब्दावरून, जो दुपारी तीनच्या सुमाराला पडायचा. शब्द जागचे हलत राहतात, पोट तिथेच असतं.

आपल्याकडे हे झालं नाही असं समजू नका. नाश्ता हा फारसी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ 'काही न खाल्लेला'. रिकाम्या पोटाचं नाव पुढे पोट भरायच्या पदार्थाला मिळालं. न्याहारीचं नातं फारसी 'नाहार'शी आहे, तिथेही मूळ अर्थ उपाशी असाच. आपल्याकडे न्याहारी सकाळी राहिली, आणि आज इराणात नाहार म्हणजे दुपारचं जेवण. फराळ म्हणजे फलाहार. दिवाळीच्या ताटातल्या चकलीत आणि अनारशात फळ कुठे आहे? रात्रीच्या जेवणाला आपल्याकडे 'व्याळी' किंवा 'व्याळू' असा सुंदर शब्द होता. आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरशी ज्याचं नातं आहे त्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या जेवणाला 'आरोगणा' आणि रात्रीच्या जेवणाला 'वियाळी' म्हटलं आहे. सातशे वर्षांपूर्वीचे शब्द. ते गेले आणि 'रात्रीचं जेवण' असं दोन शब्दांचं वळण आपण घेतलं. मला व्याळू हवा होता, अजूनही हवा आहे.

आणि दुपारच्या जेवणाला? त्याला आपल्याकडे घरगुती वापरात वेगळं नावच पडलं नाही, कारण तेच जेवण होतं. आमच्या घरी, आणि तुमच्याही घरी असणार, 'सकाळचा स्वयंपाक' म्हणजे दुपारी जेवायचा तो. माझी आजी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिच्याकडे दोनच जेवणं होती, सकाळचं आणि संध्याकाळचं. वावरात काम असलं की दुपारी भाकर जायची, फडक्यात बांधून. "भाकर घेऊन गेली" म्हणायचे, "जेवण घेऊन गेली" असं कुणी म्हणत नसे. त्या भाकरीसोबत कांदा, तिखट, फार तर झुणका. तुम्हाला दिसतंय का ताई? बांधावर बसून हातात घेऊन खायची ती भाकर म्हणजे जॉन्सनच्या कोशातलं लंच आहे. अगदी तेच.

बाराच्या आसपासच्या खाण्याला वेगळं नाव लागलं ते भोंग्यामुळे आणि घड्याळामुळे. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि पुढच्या काही पिढ्यांचं जेवणखाण मिलच्या पाळ्यांना बांधलं गेलं. सूर्य कुठे आला हे पाहून खाणारा माणूस सुट्टी कधी होते हे पाहून खाऊ लागला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितलं की सलग पाच तासांहून जास्त काम करवून घ्यायचं नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. कामगारांसाठी तो अर्धा तास म्हणजे 'जेवणाची सुट्टी', साहेबांसाठी 'लंच टाइम'. तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसात दुपारी एक ते दोनच्या मध्ये असाच अर्धा तास असणार. छत्तीस वर्षं ते घरून सकाळी दहाला वरण-भात जेवून निघाले असतील आणि दीडला डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या असतील. त्यांच्या दिवसात लंच होतं, रोज होतं, पण ते जेवण नव्हतं. जेवण दहालाच झालेलं असायचं. म्हणून 'जेवायला बोलावलं असतं तर जेवण वाढलं असतं' हे त्यांचं वाक्य हट्टाचं नाही, त्यांच्या आयुष्यातून आलेलं आहे.

टिफिनचीही गंमत अशीच, तीही तुमच्या मुलीला ऐकवा. इंग्रजी बोलीत घुटके घेण्याला एक शब्द होता, त्यावरून हिंदुस्थानातले इंग्रज दुपारच्या हलक्या खाण्याला टिफिन म्हणू लागले. म्हणजे इथे काही काळ लंचचं नाव टिफिन होतं. दक्षिणेत आज टिफिन म्हणजे इडली-डोसा. आणि आपल्याकडे बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं म्हणतात, "टिफिन लावला." त्यात सकाळ-संध्याकाळचं आख्खं जेवण असतं, पोळी-भाजी-वरण-भात. खाण्याचं नाव डब्याला गेलं आणि डब्यातून पुन्हा जेवणाला आलं.

सरकारलाही शाळेतल्या मुलांसाठी शब्द शोधताना 'माध्यान्ह भोजन' असा शब्द करावा लागला. १५ ऑगस्ट १९९५ ला देशभराची योजना सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं नाव पीएम पोषण झालं. पण शाळेच्या ओसरीत ताटली घेऊन बसलेलं लेकरू काय म्हणतं? खिचडी. "आज खिचडी भेटली." पोराने ना भोजन घेतलं ना लंच, त्याने आपल्यापुरता खरा शब्द शोधला.

तर ताई, डिक्शनरी पाहून झाली. तुमची मुलगी आजच्या इंग्रजीपुरती बरोबर आहे. आज लंच म्हणजे दुपारचं खाणं, मग ते सात पदार्थांचं असो की एका सँडविचचं. लंच वेळेचं नाव आहे. किती वाढायचं, काय वाढायचं, हे त्या शब्दात नाही. तुमचे मिस्टर मराठीपुरते बरोबर आहेत. जेवण हे वेळेचं नाव नाही, दिवसाच्या कुठल्याही वेळी ते होऊ शकतं, पण त्यात काय असायला हवं ते ठरलेलं आहे. एकाच टेबलावर सूप पीत दोघं दोन भाषांत बसले होते.

आता विहीणबाईंकडे या. माझं मन सारखं त्यांच्याकडे जातं आहे. पंधरा वर्षं घरापासून लांब, नवं शहर, वेगवेगळ्या प्रांतांचे शेजारी. तिथे रविवारी कुणाला घरी बोलवायचं तर 'लंच' हाच शब्द सगळ्यांना कळतो. गप्पा आधी, खाणं नंतर, सावकाश. तुम्ही साडेबाराला पोचलात तेव्हा त्यांच्या हिशेबाने तुम्ही वेळेच्या आधी आला होतात, आणि त्यांनी तुम्हाला दीड तास जवळ बसवून घेतलं ते आपुलकीने. ते त्या वेळी तुमच्या मिस्टरांच्या पोटाला कळणं शक्य नव्हतं. मार्च संपता संपता नागपूरचं ऊन कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. दहाला जेवणारा माणूस दोनपर्यंत चहावर राहिला तर डोकं ठिकाणावर राहत नाही. तरीही दारातलं ते वाक्य वाईट होतं. त्यांना ते सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगा, मुलीने नाही.

वरण-भात का नव्हता याचाही विचार करून पाहा. वरण-भात त्यांच्या घरी रोज होत असणार. पहिल्यांदाच व्याही सहकुटुंब येणार, त्यांना रोजचं कसं वाढायचं, म्हणून त्यांनी त्यांच्या मते जे विशेष आहे ते केलं. पास्ता ऐन वेळी करावा लागतो, कस्टर्ड आदल्या रात्री थंड करायला ठेवावं लागतं, सॅलडच्या भाज्या चिरता चिरता हात दुखतात. त्यांनी सोपं काही केलं नाही. आपण रोजचं सोडून पाहुण्यांसाठी पुरणाची पोळी करतो, त्यांनी रोजचं सोडून हे केलं. बाईने आपल्या परीने तुमच्यासाठी सणच केला होता आणि दारात ऐकलं की पाहुणे घरी जाऊन जेवणार आहेत. मी त्यांच्या जागी असते तर त्या रात्री मलाही झोप लागली नसती.

मी नवी नवी शाळेत लागले तेव्हाची एक गोष्ट सांगते. एका वरिष्ठ बाईंनी मला दुपारी विचारलं, "लंच झाला?" मी "नाही" म्हटलं, कारण डबा खाल्ला होता पण जेवले नव्हते. त्या दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरून वेगळा डबा घेऊन आल्या. त्यांना वाटलं ही मुलगी काही आणत नाही, उपाशी राहते. मी खुलासा केला नाही, लाजले, आणि खाल्लं. पुढे वर्षभर त्या आठवड्यातून एकदा तरी माझ्यासाठी काहीतरी आणत राहिल्या. त्या गेल्या तेव्हा मी त्यांच्या लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई म्हणायची, त्या पोरीला घरी कुणी वाढत नाही." इतकी वर्षं त्या माझ्यासाठी हळहळत राहिल्या, आणि मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते. म्हणून म्हणते, खुलासा उद्यावर टाकू नका.

काय करायचं ते सांगते. विहीणबाईंना फोन तुम्ही करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचं चित्र पाठवून चालणार नाही, आणि मुलीकडून निरोपही नको. मुलगी दोन घरांच्या मध्ये आधीच ताणली जाते आहे. तिला या गोष्टीतून मोकळी करा आणि तसं तिला सांगा. फोनवर सुरुवात इकडची तिकडची करू नका. सरळ म्हणा, "विहीणबाई, त्या दिवशी दारात ह्यांच्या तोंडून जे निघालं ते तुम्हाला लागलं, मलाही लागलं. हे दहाला जेवणारे, त्या दिवशी चहावर निघाले होते. तुम्ही एवढं केलं आणि आम्ही त्याची किंमत ठेवली नाही." एवढंच. 'पण तुम्हीही' हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. सँडविचचा उल्लेखही नको. त्या काही बोलल्या, रागावल्या, तर ऐकून घ्या. आठ महिन्यांचं नातं आहे, त्यात रागवायचा हक्क त्यांना पहिल्यांदाच वापरू द्या.

मग मिस्टरांना फोन द्या. ते माफी मागायला तयार होतील की नाही मला सांगता येत नाही. या वयाच्या पुरुषांना ते जड जातं. पण त्यांना इतकं तरी म्हणता येईल, "तुमच्या हातचं कस्टर्ड छान होतं." खोटं असेल तर म्हणू नये, पण मला वाटतं कस्टर्ड त्यांना आवडलं असणार. त्या दिवशी काय आवडलं, ते आधी विचारून ठेवा आणि तेच बोलू द्या.

आणि मग बोलवा. 'जेवायला या' म्हणा, स्वच्छ मराठीत, आणि वेळ सांगा. तुमच्याकडे दहाला जेवतात, त्यांच्याकडे दोनला. बाराला पानं घ्या, दोघांनाही दोन-दोन तास सरकू द्या. मिस्टरांना सकाळी थोडे पोहे खायला घाला, म्हणजे धीर राहील. आता आंबे येतील. रसाचं जेवण करा, विदर्भात व्याह्यांना त्याहून मोठा मान नाही. रस, पोळ्या, कुरड्या, भजी, कैरीची डाळ, आणि तुम्हाला येत असतील तर सरगुंडे. बंगळुरूत पंधरा वर्षांत विहीणबाईंना सरगुंडे कुणी खाऊ घातले नसतील. काडीवर पीठ गुंडाळायला बसलात की त्यांनाही आधी बोलावून घ्या. सकाळीच या म्हणा, दोघी मिळून करू. स्वयंपाकघरात बसलेली विहीण पाहुणी राहत नाही.

एक मात्र करू नका. हे जेवण त्यांना दाखवून द्यायला करू नका. 'जेवण असं असतं' हे तुमच्या ताटातून त्यांना ऐकू आलं तर मार्चपेक्षा मोठी जखम होईल. म्हणून त्या दिवशी त्यांचा एक पदार्थ मागून घ्या. "तुमचं ते कस्टर्ड घेऊन या नं, लेकीला आवडतं." रसाच्या वाटीशेजारी ते ठेवा.

पुढे कधी त्यांचा 'लंचला या' असा फोन आला तर आनंदाने जा. साडेनऊला घरी जेवून घ्या दोघांनी, आणि दीडला जाऊन सूप प्या. आणि निघताना दारात विहीणबाई उभ्या असतील, त्यांना म्हणा, "आता तुम्ही कधी येता जेवायला?"